दहा मिनिटांच्या सुट्टीतली उसळ

घंटा झाली तेव्हा निम्मी रांग तशीच उभी होती आणि माझा डाव पातेल्यात. मुलं उसळ न घेताच वर्गात पळाली. हेडमास्तर उरलेल्या मटकीकडे बघत म्हणाले, "कंपनीत कॅन्टीन चालवता ना तुम्ही?"

"हो सर."

मी कुरकुंभला एका कंपनीत कुक आहे. आठवीत शाळा सोडून किनवटहून इकडे आलो. जवळच्या शाळेतल्या मुलांनी वेफर्स, रंगीत सरबतं सोडून जरा बरं खावं, म्हणून कंपनीने मला महिनाभर तिथं पाठवलं होतं. मी केलेलं खाणं मुलांत चाललं की गेटवरची छबूआक्काची वेफर्स-सरबतांची टपरी उठवायची, असं ठरलं होतं. मी नवा होतो तेव्हा मेस लागेपर्यंत याच आक्काने मला आपल्या डब्यातली अर्धी भाकरी दिली होती.

शाळा सुटल्यावर तिच्याकडे गेलो.

"तोंड कशाला पाडतोस? टपरीचं सरांनी सांगितलंय मला," ती म्हणाली. "पर तुझी उसळ पोरं खाणार कवा? कंपनीवानी ताटं मांडलीस. सुट्टी दहा मिनटाची. त्यात लघवीला जायचं, खेळायचं."

कंपनीत लंच अर्धा तास. रांग, कप्प्यांचं ताट, बसून जेवण. तेच मी इथं आणलं होतं. आक्काचा माल आधीच टांगलेला असायचा. पाकीट हातात, पोर मैदानात.

दुसऱ्या दिवशी सरांना म्हणालो, "टपरी राहू द्या. माल बदलू. मी करतो, आक्का विकतील. आठ दिवस द्या."

"आणि वेफर्सचं एक जरी पाकीट दिसलं तर?"

"दोघंही उठतो." मी बोलून गेलो.

तीच मटकी, फक्त कोरडी; वर कांदा, लिंबू. कोऱ्या कागदाचे कोन आम्ही घंटेआधीच भरून ठेवले. ताकाचे पेलेही ओतून तयार.

"आक्का, वेफर्स?" सातवीतला एकजण.

"न्हाईत."

"कवा येणार?"

"तू कालेजात गेल्यावर. धर."

त्याने तोंड वाकडं करून कोन घेतला, पळाला आणि मैदानातून ओरडला, "उद्या लिंबू जास्त पिळा."

पहिले दोन दिवस थोडं उरलं. आठव्या दिवशी शेवटचा कोन सरांनी स्वतः खाल्ला. टपरी उठवायचं पुन्हा काही बोलले नाहीत.

कंपनीच्या रिपोर्टमध्ये 'मेनू बदलल्याने फरक पडला' असं गेलं. मटकी तर पहिल्या दिवशीही हीच होती. आता कुठल्याही शाळेत पाठवलं की मी मेनू नंतर काढतो. आधी विचारतो, सुट्टी किती मिनिटांची.