कारखानीसांचा एकुलता एक वापरणारा

मुलुंड पूर्वेच्या नंदकुमार कारखानीसांना माणसं आवडत नाहीत, असं म्हणणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांना यंत्रंही आवडत नाहीत. आवडतं ते स्वतःचं मत, आणि त्याचा साठा घरात भरपूर. सोसायटीचा सेक्रेटरी बिनडोक. जावई म्हणजे टाय घातलेला हमाल. समोरच्या इमारतीतला इंजिनियर यूट्यूब बघून झालेला. बायकोने, म्हणजे जयंतीबाईंनी, नवा मिक्सर आणला, तर त्याच्या खोक्यावरचा मजकूर वाचून गृहस्थ संध्याकाळभर कुत्सित हसत बसले. त्याच मिक्सरमधली चटणी मात्र बोटं चाटून खातात.

आता हा माज अगदीच हवेतला नव्हता, तेही सांगायला हवं. बँकेच्या कॉम्प्युटर खात्यातून त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, पण त्यांचं खरं काम घरी चालायचं, आणि तेही फुकट. लिनक्स नावाची जी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली आहे, तिचा गाभा जगभरातले लोक एकमेकांना ईमेल पाठवून सांभाळतात. त्या गाभ्याच्या प्रत्येक कोपऱ्याला एक राखणदार असतो आणि कोपऱ्यासमोर त्याचं नाव लिहिलेलं असतं. कुणाला तिथे काही बदलायचं असेल तर त्याने बदल सगळ्यांदेखत ईमेलने पाठवायचा, त्याला पॅच म्हणतात, आणि राखणदार हो म्हणाला तर तो आत जाणार. कारखानीसांचा कोपरा होता कॉम्प्युटरच्या पोटात खोचायच्या जुन्या प्लग-अँड-प्ले कार्डांचा.

कार्ड खोचा आणि विसरा, अशी त्या काळी जाहिरात होती. कॉम्प्युटर सुरू होताना कार्डाला विचारतो, बाबा रे तू कोण, तुला काय काय लागतं? कार्ड सांगतं, मी अमुक, मला हे हे द्या. ऐकायला किती सोपं! पण कार्डं एकजात खोटारडी. स्वस्तातलं कार्ड भारी कंपनीचं नाव सांगणार, एकाला लागतं ते दुसऱ्याच्या तोंडचं काढून मागणार. कारखानीसांचा कोड म्हणजे या खोटारड्यांचा बंदोबस्त. हे कार्ड असं म्हणालं तर ऐकू नको, ते तसं म्हणालं तर त्याला गप्प बसव. वीसेक वर्षं हे केल्यावर त्यांची खात्रीच पटली की जो स्वतःची ओळख करून देतो तो खोटं बोलतो. मुलीच्या लग्नात व्याह्यांशीही ते याच नजरेने बोलले होते.

पॅच पाठवणाऱ्यांना तर ते सोलून काढत. एका पोराला त्यांनी लिहिलं होतं की तुझा पॅच वाचून माझंच डोकं दुरुस्तीला टाकावं लागेल. दुसऱ्याला नुसतं ‘नाही’. कारण विचारलं, तर पुन्हा ‘नाही’. त्यांना वाटायचं, जगभर लोक आपले टोमणे एकमेकांना वाचून दाखवत असतील. आणि मजा अशी की ती कार्डं बनायची केव्हाच बंद झाली होती. पॅच येणं आटलं होतं. गृहस्थ रिकाम्या खोलीत रोज झाडू मारत होते आणि दारात उभं राहून लोकांना हाकलत होते, जे येतच नव्हते.

अशात गंधालीचा ईमेल आला. ही बाई दहिसरला राहणारी, अंधेरीच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी करणारी, वय तिशीचं. तिने अगदी अदबीने लिहिलं होतं की हा कोपरा आता कुणी वापरत नाही, तर तो काढून टाकूया. सोबत पॅच. त्यात सगळा कोड खोडलेला, आणि अर्थातच राखणदाराचं नावही.

कारखानीस भडकले. कोड गेला तर आपण कोण? बँकेतून निवृत्त झालेला एक म्हातारा, एवढंच. हे त्यांनी मनातसुद्धा पुरतं म्हटलं नाही. त्यांनी गंधालीला सगळ्यांदेखत असं काही झोडलं की बस. आणि शेवटी हुकमाचं पान टाकलं. या मंडळींचा एक दंडक आहे, की जगात एक जरी माणूस एखादी गोष्ट वापरत असेल तरी ती मोडायची नाही. कारखानीसांनी लिहिलं, माझा वापरणारा आहे. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये काशीराम घाडी नावाचा माणूस वायर कापायचं मशीन चालवतो, त्यात हेच कार्ड आहे, मी स्वतः बसवलंय.

वरच्या एका राखणदाराने उत्तर दिलं, उत्तम, मग त्या काशीरामांना म्हणावं नव्या आवृत्तीवर मशीन चालवून बघा आणि ‘तपासलं, चालतं’ अशी एक ओळ आपल्या नावाने पाठवा. कोड राहील.

झालं! एका ओळीचा प्रश्न. कारखानीसांनी फोन लावला. कैक वर्षांत या काशीरामला त्यांनी साधं कसा आहेस म्हणून विचारलं नव्हतं. मागे एकदा तो अडला होता तेव्हा ‘डोकं वापर’ म्हणून फोन ठेवून दिला होता. तरी काशीराम खूश झाला, घरच्यांची चौकशी केली, आणि मग म्हणाला की ते मशीन दसऱ्याच्या आधीच भंगारात दिलं. आता नवीन आहे, त्यात कार्डबिर्ड काही नसतं.

यावर कारखानीसांनी काय करावं? ज्या माणसाने हयातभर खोटारड्या कार्डांची पिसं काढली, त्याने काशीरामला इंग्रजी ओळ सांगितली, वर ही पाठवून दे म्हणून फर्मावलं. काशीराम म्हणाला, पण मशीनच नाही ना साहेब.

“मशीनशी तुला काय करायचंय? ओळ पाठव.”

काशीरामने भाच्याकडून ओळ टाईप करून पाठवली. दुसऱ्या दिवशी गंधालीने पॅच मागे घेतला आणि जाहीर माफी मागितली. कारखानीसांनी त्या दिवशी श्रीखंड आणवलं. जयंतीबाईंनी विचारलं, काय विशेष? तर म्हणाले, एकीला अक्कल शिकवली.

श्रीखंड संपायच्या आत गंधालीचा पुन्हा ईमेल. लिहिलं होतं, सर, चारकोप मला जवळच आहे. जगात बहुधा हे एकच कार्ड चालू असेल, मला ते डोळ्यांनी बघायचंय. काशीरामकाकांचा नंबर मिळवला, रविवारी जाऊन येते. आता आली का पंचाईत! कुणी कार्ड बघायला जाईल हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सगळी दुनिया आपल्यासारखीच घरात बसून उंटावरून शेळ्या हाकते, असं त्यांनी धरलेलं. मशीन दुरुस्तीला गेलंय असं तिला सांग म्हणून काशीरामला फोन करावा, तर तो उचलेना. रविवारी सकाळीच गृहस्थ बस पकडून, मग रिक्षा करून, घामाघूम चारकोपला पोचले.

गाळ्यात गंधाली आधीच चहा पीत बसली होती. काशीराम उठून उभा राहिला, आणि त्याचा चेहरा बघूनच कारखानीसांना कळलं.

“माका खोटा बोलूक जमाक नाय, साहेब,” काशीराम म्हणाला. “पोरगी मुद्दाम बघूक इली. तिका काय दाखवतलंय?”

कारखानीसांनी गंधालीकडे पाहिलं. ही आता सगळ्यांदेखत आपली सालटी काढणार. आपण तिच्या जागी असतो तर काढलीच असती, शब्दसुद्धा त्यांना तयार दिसत होते. ते वाट बघत उभे राहिले. गंधालीने कप खाली ठेवला, त्यांना बसायला स्टूल दिलं.

“राहू दे ना, सर,” ती म्हणाली. “तो कोड कुणाच्या वाटेत नाही. पॅच मी मागे घेतलाय, तो तसाच असू दे. तुम्ही आहात तोवर राहील, मग बघू.”

कीव! शिव्या दिल्या असत्या तर परवडल्या असत्या. घरात म्हाताऱ्याचा जुना रेडिओ ठेवतात, त्याच्या माघारी टाकू म्हणून, तसा ही पोरगी आपला कोड ठेवणार. कारखानीसांचं डोकं फिरलं. काशीरामने पुढे केलेला चहाही त्यांनी घेतला नाही.

“काढून टाक,” ते म्हणाले. “आणि ती ओळ खोटी होती, ती मी लिहून घेतली, हे मी स्वतः लिहीन. सगळ्यांना.”

हा प्रामाणिकपणा होता असं कुणी समजू नका. हाही माजच. कीव नको, त्यापेक्षा बदनामी बरी. घरी येऊन त्यांनी खरोखरच लिहिलं. काशीरामचा दोष नाही, माझा आहे, कोड काढावा, असं स्पष्ट, खाली पूर्ण नाव घालून. पाठवताना डोळ्यांत पाणी आलं, तेवढं मात्र खरं. मग ते खुर्ची ओढून शिव्यांची वाट बघत बसले. इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना सोललं, ते सगळे आता उट्टं काढणार. त्यांनी मनात उत्तरंही जुळवून ठेवली.

आठवडा गेला. कुणी शिवी दिली नाही, कुणी सांत्वनही केलं नाही. एक ईमेल आला, तो यंत्राने आपोआप धाडलेला. पॅच स्वीकारला, धन्यवाद. त्या कोपऱ्यासमोरचं नाव गेलं आणि जगात कुठे पानही हललं नाही.

शेवटी न राहवून ते स्वयंपाकघरात गेले. जयंतीबाई गवार मोडत होत्या. कारखानीसांनी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून, खोट्या ओळीसकट.

“मी सगळ्यांसमोर कबूल केलं गं,” ते म्हणाले. “पण कुणी वाचलंच नाही.”

“मग आधीचं तरी कोण वाचत होतं?” जयंतीबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि उत्तर मिळेल म्हणून त्या हातातली शेंग तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिल्या.