मनगटातली धमनी

त्या वर्षी बीटी कपाशीच्या बोंडांत गुलाबी अळी निघाली आणि आम्ही उभी पऱ्हाटी वेळेआधीच कापायला घेतली. शेतात मी, नवरा आणि नर्सिंग शिकणारी, सुटीत घरी आलेली माझी नणंद. माझा विळा टणक खोडावरून निसटला आणि डाव्या मनगटावर बसला. दुखलं नाहीच. लालभडक रक्त तेवढं थांबून थांबून उडत होतं, कापसावर पडत होतं. मी नुसती बघत राहिले.

नणंद धावत आली. ओढणीची घडी जखमेवर गच्च दाबून तिनं माझा हात वर धरला. नवऱ्यानं शेजाऱ्याचा मालाचा ऑटो आणला. नांदुऱ्याच्या रस्त्यावर माझं डोकं तिच्या मांडीवर होतं आणि आभाळ संथपणे मागे सरकत होतं. मला छान झोप येत होती.

"वहिनी, डोये मिटू नको. बोल माह्यासंगं."

"रगत असं उडून काऊन राह्यलं होतं?"

"धमनी कापली तुही. धमन्या हृदयातून रगत घेऊन निघतात. ठोक्यागणिक जोर असते, म्हणून भिंती जाड अन् लवचिक."

"अन् ह्या निळ्या?" मी दुसऱ्या हाताकडे पाहिलं.

"त्या शिरा. परत नेतात, सावकाश. भिंती पातळ. रगत उलटं फिरू नये म्हणून आत लहान लहान झडपा."

"इकडचं तिकडं जाते कसं?"

"मधात केशवाहिन्या, केसाहूनही बारीक. रक्तपेशी एकामागं एक जातात. तिथंच प्राणवायू शरीराले भेटते."

मला वाटलं, मीच त्या अरुंद, उबदार वाटेनं चालले आहे. पुढे कुणीतरी, मागे कुणीतरी. कुणालाच घाई नव्हती.

"वहिनी! झडपा कुठं असतात? सांग!"

"शिरेत," कुणीतरी म्हणालं. तो आवाज माझाच होता.

दवाखान्यात डॉक्टरांना माझ्या जखमेवर आखडलेली नणंदेची बोटं एकेक करून सोडवावी लागली. त्यांनी धमनी शिवली, टाके घातले. नणंद व्हरांड्यात गेली आणि तिचा हुंदका मला आत ऐकू आला. मी हाक मारली. ती चेहरा पुसत आली, खाटेवर टेकली.

"मले वाटलं, तू गेली," म्हणाली.

मी उजव्या हातानं तिचा हात धरला. तिच्या मनगटात ठोके अजून धावत होते. ते शांत होईपर्यंत मी तिचा हात सोडला नाही.