शेवटच्या गाण्यातली शांतता

इस्पितळात तिला सगळे ‘बीपबाई’ म्हणत आणि रविवारच्या मंडळीत ‘आक्का’.

पहिलं नाव कामावरून पडलेलं. कान तपासायच्या खोलीत ती सव्वीस वर्षं बसत होती. काचेपलीकडे पेशंट हेडफोन लावून बसायचा, अलीकडे ती मशीनची चकती फिरवून जाड-बारीक सूर सोडायची, आणि सूर ऐकू आला की पेशंटने हातातला खटका दाबायचा. तक्त्यावर उजव्या कानाची खूण लाल गोल, डाव्याची निळी फुली. लबाड पेशंट तिच्या नजरेतून सुटत नसत. सूर न ऐकताच, तिचा हात हललेला बघून खटका दाबणारे पुष्कळ. त्यांना ती म्हणायची, “काका, माझ्या हाताकडे बघू नका. तपासणी कानांची आहे, डोळ्यांची नाही.”

दुसरं नाव ‘उलटं घड्याळ’मुळे. हा काही लग्नात वाजणारा बँड नव्हे. चौघांचा संसार, खरखरीत गिटार, चालताना मध्येच ठेच लागावी तसे ठेके, आणि गाणाऱ्या बाईचा आवाज असा की वाटावं, ही आता रडणार. पण ती कधीच रडायची नाही. ऑल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात त्याला. आक्काने कॉलेजात असताना त्यांची पहिली कॅसेट फीत ताणली जाईपर्यंत वाजवली होती. तिची लेक ठकी त्या गाण्यांवरच झोपायला शिकली. आता गाणाऱ्या बाईचे केस पिकले होते, आक्काची छपन्न पूर्ण झाली होती, आणि आठ वर्षांनी नवा अल्बम आला होता.

या बँडच्या चाहत्यांच्या मंडळीचा एक नेम होता. नवा अल्बम कुणी घरी एकट्याने ऐकायचा नाही. पुढच्या रविवारी दुपारी मास्तरांच्या मोटार ड्रायव्हिंग शाळेच्या वर्गात जमायचं, पडदे ओढायचे आणि पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत एक शब्दही न बोलता ऐकायचं. मग वयाने मोठा असेल त्याने आधी मत द्यायचं. मास्तर ते जाड वहीत लिहून घेत. बोललं ते बोललं, खोडाखोड नाही.

त्या रविवारी भिंतीवरच्या ‘वळण आहे’, ‘पुढे शाळा आहे’ अशा पाट्यांखाली नऊ जण बसले. अल्बम संपला, मास्तरांनी पडदे सारले आणि पेनचं टोपण काढलं.

“बोला आक्का.”

आक्का भारावलेली होती. “पहिली चार गाणी ठीक. पाचव्यात तिचा आवाज फाटतो तिथे माझ्या अंगावर काटा आला. पण खरी कमाल शेवटच्या गाण्याची. सगळी वाद्यं थांबवून दोन मिनिटं नुसती शांतता! आपल्याला आपल्याच श्वासाबरोबर बसवून ठेवलंय. एवढी हिंमत तरुण पोरांतही नाही.”

मास्तरांचं पेन थांबलं. इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणारा एक जण होता, त्याला सगळे लिफ्टवाला म्हणत. तो हसत सुटला.

“काय आक्का, थट्टा करता! शांतता कसली? काचेवर सुईने रेघ ओढावी तसं ते दोन मिनिटं किंचाळतंय. माझ्या दाढा शिवशिवल्या!”

कुणी आक्काकडे बघितलं, कुणी आपल्या चपलांकडे. तेवढ्यात शेजारी बसलेली ठकी मध्ये पडली. “आईला म्हणायचंय, त्या आवाजामुळेच आतली शांतता जाणवते.”

“अहाहा!” मास्तर भरभर लिहू लागले. “उगाच नाही आपण आक्कांना पहिला मान देत.”

मग वाद रंगला. लिफ्टवाला म्हणाला, “म्हातारे झाले हो. पहिल्या अल्बममध्ये वणवा होता, आता नुसती शेकोटी.”

कोपऱ्यात बसलेली लायब्ररीवाली फिसकारली. “तुला वणवाच हवा असेल तर अग्निशमन दलात जा. त्यांना या वेळी ओरडायचंच नाहीये. आणि आक्का म्हणाल्या तसं, त्या शेवटच्या आवाजातली शांतता...”

“तिसरं गाणं मात्र दुसऱ्या गिअरवरच अडकलंय,” मास्तर म्हणाले, आणि सगळे हसले.

आक्काही हसली. ती न केलेल्या शहाणपणाबद्दल वाहवा घेत बसली होती.

बसथांब्याकडे जाताना तिने ठकीला विचारलं, “कधीपासून होता तो आवाज?”

“वाद्यं थांबल्यापासून शेवटपर्यंत. सबंध दोन मिनिटं.”

“मोठा?”

“आई, लिफ्टवाल्याने कानात बोट घातलं होतं.”

“मला वाटलं त्याला खाज सुटली.”

ठकीला हसू आलं नाही. “वयाने बारीक आवाज आधी जातात. लोकांना तूच तर सांगतेस. घरी टीव्हीचा आवाज वाढवतेस तेव्हाच मी बोलणार होते.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू कान तपासणारी, आणि मी तुला काय सांगू?”

आक्का थांबली. तिला कानाची नव्हे, मशीनची आठवण झाली होती. रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी ती स्वतः हेडफोन काचेअलीकडे आणून, कानाला लावून एकेक सूर हळू आवाजात ऐकायची आणि रजिस्टरमध्ये ‘ठीक’ लिहून सही करायची. मशीन बिघडलंय की नाही, हे दुसऱ्या कशाने कळणार? आणि चकती कुणाच्या हातात असायची? तिच्याच. कुठला सूर कधी सुटतो ते तिला तोंडपाठ होतं. सूर सुटताना मशीनवर दिवा लागला की तिला तो ऐकू यायचा. म्हणजे ऐकू आल्यासारखं वाटायचं. ज्या लबाडीसाठी ती काकांना दटावायची, तीच ती रोज सकाळी स्वतःशी करत होती. कधीपासून, ते देवालाच माहीत.

मागोमाग दुसरी गोष्ट आठवली. गेल्या महिन्यात डॉक्टरांना ती थट्टेने म्हणाली होती, “सध्या उजव्या कानाची साथ आलीय की काय!” तक्त्यामागून तक्ता, लाल गोल शेवटी, बारीक सुरांपाशी, खाली घसरलेले. त्यात एक सहा वर्षांची मुलगी होती. तिच्या आईने तक्ता बघून पदर तोंडाला लावला होता. “मी गरोदर असताना ताप अंगावर काढला, त्यानेच ना हो बाई?” असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती. येत्या शुक्रवारी मुलीला कानातल्या यंत्रासाठी माप द्यायला बोलावलं होतं.

“हेडफोनची उजवी बाजू गेली असेल तर?” आक्का म्हणाली. “मला कळलंच नसतं, ठके.”

ठकीने तिला रस्त्याच्या कडेला घेतलं. मग हळूच म्हणाली, “तर हेडफोन बदलून टाक. ज्यांना बोलवायचं त्यांना काहीतरी निमित्त काढून बोलव. तुझ्या कानांचं कशाला सांगतेस? दोन वर्षं राहिलीत नोकरीची. त्या खोलीतून तुला काढलं तर कुठे बसवतील? केस पेपर काढायच्या खिडकीवर?”

लेक आईच्या काळजीने बोलत होती. आक्काला राग आला नाही. तिला फक्त पदर तोंडाला लावलेली ती बाई दिसत राहिली.

सोमवारी ती अर्धा तास आधी पोचली आणि बाहेरच्या सिस्टरला हाताला धरून आत घेऊन आली.

“बीपबाई, माझे कान ठणठणीत आहेत. नवऱ्याचं घोरणं रोज ऐकते.”

“म्हणूनच तुला आणलं. हे लाव आणि ऐकू येईल तेव्हा खटका दाब. माझ्याकडे पाठ करून बस.”

डाव्या बाजूचे सगळे सूर सिस्टरने टिपले. उजवीकडे ती शेवटच्या बारीक सुरांपर्यंत आली आणि पुढे खटका वाजेना. आक्काने आवाज वाढवला, आणखी वाढवला.

“झालं का?” सिस्टरने वळून विचारलं. “इकडे तर काहीच येत नाहीये.”

आक्काने कपाटातला राखीव हेडफोन काढून जोडला. आता सिस्टरने उजवीकडचेही सगळे सूर टिपले. इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. हेडफोन बिघडला होता, बदलला, विषय संपला. ठकीचं म्हणणंही हेच होतं.

आक्काने सिस्टरला चकतीपाशी बसवलं. “आता मी आत बसते. या आकड्यांवरून एकेक पुढे जायचं. मला काही दाखवायचं नाही.”

सव्वीस वर्षांत ती त्या खुर्चीवर कधी बसली नव्हती. दार बंद झालं. जाड सूर आले, मधले आले. ती खटका दाबत गेली. मग सूर थांबले. सिस्टर सूर कधी सोडते ते ओळखायला तिने मनातल्या मनात मोजायला सुरुवात केली, ते लक्षात आल्यावर आकडे सोडून दिले आणि खटका मांडीवर ठेवला. काचेतून तिला सिस्टरचा खांदा हलताना दिसत होता. तिने डोळे मिटले.

बाहेर आल्यावर तिने आपला तक्ता स्वतःच्या हाताने काढला. लाल गोल आणि निळ्या फुल्या, दोन्ही शेवटी सारखेच घसरलेले. तिने तो गेल्या तीन महिन्यांच्या रजिस्टरबरोबर डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “हेडफोनबद्दल लिहायलाच लागेल. पण हे दुसरं... हे मी पाहिलं नाही असं समजू का?”

“नको. नाहीतर उद्या सकाळी मी परत ‘ठीक’ लिहीन.”

दुपारी तिच्यासमोर बोलवायच्या लोकांची यादी होती. सतरा नावं. आणखी मागे किती जावं लागेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मुलीचं नाव सहावं होतं, तिने आधी तोच नंबर लावला.

“इस्पितळातून बोलतेय, कान तपासायच्या खोलीतून. शुक्रवारी माप द्यायला येऊ नका. उद्या मुलीची तपासणी पुन्हा करायचीय. आमचं यंत्र बिघडलेलं होतं आणि ते मला कळायला हवं होतं, कळलं नाही.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज झाला.

“म्हणजे... तिला ऐकू येतं?”

आक्काच्या तोंडाशी ‘हो’ आलं होतं. तिने ते गिळलं.

“ते उद्याच सांगता येईल, ताई. उद्या मशीनवर दुसरी बाई असेल. तिला सगळे सूर ऐकू येतात.”

त्या आईने काहीच उत्तर दिलं नाही. फोन मात्र चालू होता. आक्का कानाला लावून बसून राहिली. पलीकडे खरंच कुणी बोलत नाहीये, की बोललेलं आपल्यापर्यंत पोचत नाहीये, याची तिला आता खात्री नव्हती.