चारशे बाराव्या आकड्यावर

माझ्या दादाला बंद पडलेली वस्तू दिसली की राहवत नाही. लोक आजारी माणसाला बघायला जातात, तसा हा शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे रेडिओ बघायला जायचा. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुरुस्तीचं दुकान, वर राहायच्या दोन खोल्या, आणि समोरच्या जिन्याखाली माझं शिलाई मशीन. मी पडदे शिवते, गणवेश शिवते, लोकांच्या उसवलेल्या चेनी लावून देते. वहिनी म्हणायची, तुम्हा भावंडांचा धंदा एकच, लोकांनी बिघडवायचं आणि तुम्ही निस्तरायचं.

वहिनीचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं घोळ नको. ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. गाडीत आम्ही तिघं होतो. दादा चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी, मी मागे. पूल ओलांडला की सरळ रस्ता लागतो, मग दूध डेअरीची पांढरी भिंत, आणि तिथंच उजवीकडे वळण. गाडी वळलीच नाही. वहिनी जागच्या जागी गेली. दादाच्या डोक्याला मार लागला, एक पाय कायमचा आखडला, आणि पुलापासून दवाखान्यापर्यंतचं सगळं त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं. मला नुसतं खरचटलं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, मी मागे झोपले होते.

रस्त्यावर ब्रेकच्या खुणा नव्हत्या. त्यामुळे सगळ्यांनी ठरवून टाकलं की याला डुलकी लागली. त्याच्या लेकीनंसुद्धा. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. दवाखान्यातून घरी आणल्यावर तिनं बापाला एकदाच विचारलं, "बाबा, तुम्हाला झोप लागली होती का?" आता आठवतच नाही तर माणूस काय सांगणार? हा म्हणाला, "माहीत नाही गं." ती दुसऱ्या शहरात नोकरीला निघून गेली आणि बापाचा फोन उचलेनाशी झाली. माझा उचलते, आठवड्यातून दोनदा स्वतःहून करते.

तेव्हापासून दादाला एवढंच हवं होतं, झोप लागली होती की नाही. हो असेल तर हो, नाही असेल तर नाही, पण लेकीला खरं काय ते सांगायचं होतं. बाकी जेवण मिळालं काय नि न मिळालं काय, त्याला सारखंच.

त्याच्या दुकानात फळीवर एक जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला होता. कोणीतरी दुरुस्तीला टाकून गेला तो परत फिरकलाच नाही. घरी वापरायचा होता तो, जुन्या काळातला. नुसता जाडजूड कीबोर्ड, टीव्हीला जोडायचा, आणि प्रोग्रॅम भरायचा कॅसेटवरून. गाण्यांची असते ना, तसलीच कॅसेट. टेपरेकॉर्डरमध्ये घातली की असा काही चीत्कार सुटायचा की मी समोरून ओरडायचे, "दादा, मांजराची शेपटी सोड!" पाच मिनिटं ते केकाटणं, मग कुठं पडद्यावर चित्र. दादाचा कान असा तयार की नुसत्या आवाजावरून त्याला कळायचं. "आता अडकणार बघ," म्हणायचा, आणि अडकायचं.

कॉम्प्युटरबरोबर कॅसेट एकच होती, गाड्यांच्या शर्यतीची. हिरवं माळरान, राखाडी रस्ता, खाली लाल ठोकळ्यासारखी गाडी. डावी-उजवीची दोन बटणं, वेगाचं एक. पन्नाशीचा माणूस, दुखरा पाय स्टुलावर टाकून, दुपारी दुकान बंद करून टुकटुक करत बसायचा. मला आधी बरंच वाटलं. म्हटलं, चला, कशात तरी जीव रमला.

असा पाठमोरा बसला की माझे हात शिवशिवायचे. लहानपणापासूनची खोडच ती माझी. मागून मांजरीच्या पावलानं जायचं आणि त्याचे डोळे झाकायचे. "ओळख पाहू कोण?" आणि तो मुद्दाम म्हणायचा, "मांजर!" एकदा म्हणून माझं नाव घेतलं नाही मेल्यानं. त्याचं लग्न झालं, लेक झाली, तरी आमचं चालूच. वहिनी म्हणायची, तुम्ही दोघं काही सुधारत नाही. या तीन वर्षांत मात्र मी एकदाही केलं नव्हतं. का बंद केलंस, असं त्यानं कधी विचारलं नाही.

पण दादा कसला नुसता खेळतोय! त्यानं तो खेळ आतून उघडला. त्यातला रस्ता म्हणजे ओळीनं लिहिलेले आकडे होते. शून्य म्हणजे सरळ, एक-दोन-तीन म्हणजे उजवीकडे कमी-जास्त, उणे म्हणजे डावीकडे. हे कळल्यावर त्यानं खेळातले आकडे पुसले आणि तिथं तोच, अपघाताचा रस्ता घालायला घेतला. आमच्या गल्लीच्या तोंडापासून सुरुवात केली. काठी टेकत चालायचा, दर वीस पावलांना थांबून वहीत आकडा मांडायचा. दुसऱ्या दिवशी आदल्या दिवशी जिथं थांबला तिथं बसमधून उतरून पुढं. सव्वा महिना चाललं होतं हे. भिंतीजवळच्या वळणापाशी आला आणि थांबला. त्याच्या पुढं त्याला जाववेना.

"वेड लागलंय तुला," मी म्हटलं.

"लागू दे. डुलकी लागली तर गाडी कशी जाईल, वेग जास्त असला तर कशी जाईल, सगळं करून बघतो. एक तरी जुळेलच ना?"

मी म्हटलं, "चहा घेतोस?"

एका दुपारी त्यानं दुकानातून हाक मारली, "भिंगरी! घड्याळ घेऊन ये." मला तो भिंगरी म्हणतो, कारण माझा पाय म्हणे एका जागी ठरत नाही. गेले तर शटर अर्धं खाली ओढलेलं, टीव्हीच्या उजेडात याचा चेहरा हिरवा. "चित्र गेलं की मोजायला लाग," म्हणाला, "आलं की थांब."

पडद्यावर दुकानं नव्हती, झाडं नव्हती, नुसता राखाडी पट्टा. तरी मला एकेक वळण ओळखू आलं. हे शाळेचं, हा पेट्रोल पंप. कोपऱ्यात आकडा पळत होता. तीनशे नव्वदला पूल, त्यासाठी त्यानं दोन पांढऱ्या रेघा ओढल्या होत्या. चारशे. चारशे दहा. चारशे बाराला पडदा काळा झाला. टीव्ही बंद झाला नव्हता, इंजिनाची घरघर येत होती, चित्र तेवढं गेलं. परत आलं तेव्हा लाल ठोकळा रस्त्याबाहेर उलटा पडला होता.

"किती?"

"तीन सेकंद."

"दर वेळी तीनच," दादा म्हणाला. "वेग वीस ठेवला तरी तेच. अगं, वीसनं गाडी तीन सेकंदांत वळणापाशी पोचतसुद्धा नाही, तरी चित्र येतं तेव्हा बाहेर पडलेली!"

"मशीनच जुनं. काहीतरी सैल झालं असेल."

"मला शिकवतेस? वायरी बदलल्या. टीव्ही बदलला. आकडे पुसून पहिल्यापासून घातले. मूळ खेळातल्या रस्त्यावर शंभर वेळा गेलो, एकदाही काळोख नाही. चारशे बारावा आकडा काय आहे माहितेय? शून्य. सरळ रस्ता, दुसरं काही नाही. तो आकडाच काढून टाकला, तर चारशे अकरा संपल्यावर तसंच." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हसू नकोस हं. काळोख झाला की मला इथं काहीतरी बोचतं." त्यानं डाव्या भुवईवर बोट ठेवलं.

माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला घट्टा आहे. तीस वर्षं सुई टोचून टोचून पडलेला, खरखरीत. मी मूठ मिटली आणि हात पदराखाली घेतला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

"डॉक्टरला दाखव," मी म्हटलं, आणि तिथून जी निघाले ती घरी येऊन कडी लावून बसले.

घड्याळ समोर ठेवलं. म्हटलं, ओळख पाहू कोण. मग त्याचं उत्तर म्हटलं, मांजर. तीन सेकंद. परत म्हटलं. तीनच.

आता सांगते. पूल ओलांडला तेव्हा आम्ही तिघंही हसत होतो. दादाच्या फुशारक्या चालल्या होत्या की हा रस्ता आपल्याला पाठ, डोळे बांधून चालवीन. वहिनी म्हणाली, "पुरे हो!" समोर रस्ता सरळ आणि रिकामा. मी मागून वाकले आणि त्याचे डोळे झाकले. एवढंच. तो "मांजर!" म्हणाला, खो खो हसला. मी हात काढले तोच वहिनीचं "अहो" ऐकू आलं, आणि समोर भिंत.

पोलिसांना सांगायचंच होतं मला. पण तोंडातून आलं, झोपले होते. मग लेक आली, माझ्या गळ्यात पडली. "आत्या, आता तूच आहेस मला." त्यानंतर आज सांगू, उद्या सांगू, असं करता करता तीन वर्षं गेली. मी भित्री आहे, दुसरं काय. दादाही जाईल आणि ती पोरही, मग मी कोणाची? एवढाच हिशेब होता, आणि त्यापायी मी त्याला रोज जळताना बघत चहा करून दिला.

पुढच्या रविवारी मी गेले तर टीव्हीवर एक पाकीट ठेवलेलं. बंद केलेलं, वर लेकीचा पत्ता.

"काय लिहिलंस?"

"झोप लागली होती, माझी चूक झाली, असं."

"तुला आठवलं?"

"नाही. पण काहीतरी सांगितलं तर निदान शिव्या द्यायला तरी फोन करेल. मला आता नाही होत गं." त्यानं डोळे पुसले. माझ्यासमोर तो वहिनी गेली तेव्हाही रडला नव्हता. "उद्या टाकतो पत्र. त्याआधी एकदा तू चालव. दर वेळी मीच चालवतो. दोष माझ्या हातात असेल."

"मला नाही येत असले खेळ."

"बस म्हटलं ना!"

बसले. तो पाठीमागे उभा राहिला. कॅसेट केकाटली, थांबली. दादा म्हणाला, "नीट भरलं." रस्ता सुरू झाला. माझी बोटं घामानं बटणांवरून घसरत होती. शाळेचं वळण घेतलं. पेट्रोल पंपाचं घेतलं. पाठीमागे दादाची काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज आला. तीनशे नव्वद. पांढऱ्या रेघा. चारशे. मी काळोखाची वाट बघत होते.

चारशे बारा झाले. काळोख झाला नाही. रस्ता लख्ख दिसत होता, सरळ, रिकामा, आणि टोकाला पांढरी भिंत. ती भिंत दादानं खेळात कधी घातली नव्हती. मी वळून त्याला विचारणार, इतक्यात माझ्या डोळ्यांवर दोन हात आले. कोरडे, थंडगार, सोल्डरिंगच्या धुराच्या वासाचे.

"ओळख पाहू कोण?" दादानं विचारलं. आवाजात हसू नव्हतं.

माझे हात बटणांवरून सुटले. इंजिन घरघरत होतं. आयुष्यभर त्यानं जे उत्तर दिलं ते माझ्या जिभेवर आलं होतं, पण ते मला म्हणता आलं नाही.

"मी," मी म्हटलं. "मी होते, दादा. मी झोपले नव्हते. तुलाही झोप लागली नव्हती."

हात तसेच राहिले. किती वेळ, मोजलं नाही. मग त्यानं ते काढून घेतले. पडद्यावर गाडी उलटली नव्हती. वळण मागे पडलं होतं आणि लाल ठोकळा पुढं चालला होता, माझं बोट नसताना, कोपऱ्यातला आकडा चढत होता. वळणापुढचे आकडे त्यानं भरलेच नव्हते. तरी तिथं रस्ता होता, डावीकडे जाणारा, मग उजवीकडे, आमच्या दोघांच्याही ओळखीचा नसलेला.

दादानं हात लांब करून टीव्ही बंद केला. स्टुलावर बसला. माझ्याकडे बघत नव्हता.

"मी काय म्हणालो होतो तेव्हा?"

"मांजर."

"आणि ती?"

"हसत होती. भिंत दिसेपर्यंत हसत होती रे."

मला वाटलं, आता उठेल आणि काठी घालील माझ्या डोक्यात, आणि घालावी असंही वाटलं. त्यानं टीव्हीवरचं पाकीट घेतलं आणि फाडलं. मग माझ्या पिशवीतून माझा फोन काढला, लेकीचं नाव दाबलं, आणि फोन माझ्या हातात दिला. "माझा उचलत नाही ती," म्हणाला.

दोन वेळा वाजला.

"हं, बोल आत्या," ती म्हणाली.