दारावरच्या दोन थापा

सोनमर्गच्या फाटकाशी खालिक काका बर्फात गुडघे टेकून ट्रकच्या मागच्या चाकाला साखळी चढवत होते. फाटकावरच्या शिपायाने सांगून टाकलं होतं, हा ताफा गेला की झोजीला घाट बंद. आभाळ असं दाटलेलं, की घाट परत कधी उघडेल ते अल्लालाच ठाऊक.

पिठाच्या निम्म्या गोण्या उतरवून काकांनी ट्रकमध्ये नकीच्या शवपेटीला जागा केली होती. घाटापलीकडच्या द्रासचा नकी आदल्या दिवशी श्रीनगरच्या इस्पितळात वारला. घाट बंद झाला तर त्याला इकडेच पुरावं लागणार आणि पलीकडे बसलेल्या आईला लेकाचं तोंडही दिसणार नव्हतं.

हे काय असतं ते काकांना माहीत होतं. इकडे त्यांचा बाप गेला तेव्हा घाट बंद होता आणि ते द्रासला अडकले होते. बापाच्या मातीला पोचता आलं नाही. त्या दिवशी नकीच्या आईने त्यांच्यापुढे मिठाचा चहा ठेवला होता.

तेव्हापासून काका आणि नकी आपापले ट्रक पुढेमागेच चालवत. साखळी कितीही कसली तरी चाक फिरल्यावर ती सैल पडते, म्हणून पहिल्या वळणावर थांबून पुन्हा कसायची. नकी चाकाशी आडवा व्हायचा आणि कडी बसली की दारावर दोन थापा मारायचा. त्या ऐकल्याशिवाय काका ट्रक हलवत नसत.

आज मागून भोंगे वाजत होते, बर्फ सुरू झालं होतं. पहिल्या वळणावर काका थांबले नाहीत. दुसऱ्या वळणावर साखळी पत्र्यावर आपटायला लागली आणि ट्रक दरीकडे हातभर घसरला. काकांनी तो कसाबसा डोंगराच्या कुशीला लावला.

मागच्या ट्रकमधून शौकत तणतणत उतरला. "काका, इथेच दुकान टाकताय का? आमचीही पोरंबाळं आहेत पलीकडे."

"साखळी सैल झालीय. एकट्याने नाही व्हायचं."

"मग नकी कुठाय? लोळायचं काम तर त्याचं."

"मागे आहे," काका म्हणाले. "गोण्यांवर."

शौकतने ताडपत्रीची कड उचलून पाहिलं. मग तो काकांच्या हातातला साखळी कसायचा आकडा घेऊन सरळ चिखलबर्फात आडवा झाला. काका वर चढून बसले. त्याने सांगितलं तसं त्यांनी चाक जरा पुढे घेतलं आणि थांबले.

दारावर दोन थापा पडल्या.

शौकतला ते कुणी सांगितलं नव्हतं. घाटातल्या सगळ्यांनी ते इतकी वर्षं पाहिलं होतं. काकांना गिअर टाकायला थोडा वेळ लागला.

दिवेलागणीला ट्रक द्रासला पोचला. नकीची म्हातारी आई रस्त्यावरच उभी होती. तिने आधी काकांचे सुजलेले, निळे पडलेले हात पाहिले आणि त्यांत चहाचा वाडगा ठेवला.

"हात शेकून घे," ती म्हणाली. "मग माझा नकी दाखव मला."