उशिराचं कारण
कुठे मिरची कांडून खकाणा उठला, की मला नागपूरचा सोनेगाव विमानतळ आठवतो. सत्तरच्या दशकात मस्कतला नोकरी लागली होती. रात्री मुंबईहून तिकडचं विमान गाठलं नाही, तर ती जाणार होती. आणि नागपूरहून मुंबईला नेणारं विमान दुपार कलली तरी आलं नव्हतं. काउंटरवरचा बाबू निवांत चहा फुंकत होता. मी ओरडलो, “उशीर काहून होऊन राहिला, ते तरी सांगा!” तो म्हणाला, “चिल्लावता काहून भाऊ? येईन तवा येईन.” “अन् मस्कतचं सुटलं तर?” “ते तुमचं तुम्ही पाहा.” मग मात्र मी प्रवाशांच्या हक्कांवर गरजत हातातलं गाठोडं काउंटरवर आपटलं. त्यात आईनं दिलेलं भिवापुरी तिखट होतं, हे ते फुटल्यावर आठवलं. बाबू, हमाल, तेवढ्यात आलेल्या आमच्या विमानातून उतरलेला पायलट, सगळे शिंकत बाहेर पळाले. झाडलोट होईपर्यंत अंधार पडला. मस्कतचं विमान आता मिळणार नव्हतं. “दुसरं तिकीट तुम्हीच द्यायचं!” मी बजावलं. बाबू डोळे पुसत पहिल्यांदाच हसला. “उशीर तर तुमच्या तिखटानं झाला न भाऊ!” दिवसभर त्याच्याकडे नसलेलं कारण मी घरून बांधून नेलं होतं. नोकरी गेली. अजूनही खकाणा उठला, की त्या बाबूसाठी राखून ठेवलेली शिवी ओठांवर येते, आणि ती पुरी होण्याआधीच मला शिंक येते.