फळ्याचा कोपरा

एका बाईंचा मी जन्मभर हेवा केला. त्यांच्याकडे हेवा करण्यासारखं काय होतं, तर आठवी ड.

आमची शाळा नाशिकला इंदिरानगरात, मराठी माध्यमाची. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी मराठी शिकवायचे आणि बरीच वर्षं दहावी अ ची वर्गशिक्षिका होते. अ मध्ये हुशार मुलं, मग ब, मग क, आणि जी कुठंच बसत नव्हती ती ड मध्ये. ड चा वर्ग जिन्याखाली. तिथे तासाला जाताना शिक्षक एक वेळ खडू विसरायचे, पण छडी नाही.

आमचे मुख्याध्यापक शाळेची शिस्त कानांनी तपासायचे. हात मागे बांधून व्हरांड्यातून फिरायचे. ज्या वर्गातून आवाज येईल त्या वर्गाचा शिक्षक कच्चा, एवढा सरळ हिशेब. आत काय शिकवलं जातंय हे बघायला ते दारापाशी थांबल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे आम्ही सगळे एक गोष्ट मात्र पक्की शिकलो होतो, मुलांना गप्प ठेवणं.

त्याची पद्धत प्रत्येक वर्गात एकच. शिक्षक बाहेर गेले की मॉनिटरने उभं राहायचं आणि फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावं लिहायची. शिक्षक परत आले की त्या नावांना उभं करून हातावर फूटपट्टी. मी यात पटाईत होते. मॉनिटर मला घाबरायचा आणि वर्ग मॉनिटरला. तरीही मी ऑफिसात दहा मिनिटं अडकले, तर शिपाईमामा मुद्दाम येऊन सांगायचे, "बाई, चला लवकर, तुमची दहावी निघाली छप्पर घेऊन." मी हसायचे. मुलं आहेत, चालायचंच, असं म्हणायचे.

त्या जूनमध्ये गणिताला नव्या बाई आल्या. घोटीकडच्या. एका वर्षाची तात्पुरती नेमणूक, काम बघून पुढे कायम करू असं मुख्याध्यापकांनी त्यांना सांगितलं होतं. घरी म्हातारे सासू-सासरे, नवरा शेतीवाला, ही नोकरी टिकणं त्यांना गरजेचं होतं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, मलाही. बोलताना त्यांच्या तोंडात पटकन 'लय' यायचं, 'नाय' यायचं, आणि आम्ही शिक्षकखोलीत एकमेकींकडे बघायचो. नव्या माणसाला द्यायची म्हणून त्यांना आठवी ड मिळाली. दिवाळीपर्यंत रडत येतील, असं मी डबा उघडता उघडता म्हटलं होतं.

दिवाळी झाली आणि रडायची पाळी माझ्यावर आली.

शिक्षक रजेवर असला की त्याच्या वर्गावर दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं, त्याला आम्ही ऑफ तास म्हणायचो. कुणालाच तो नको असायचा. एकदा घोटीच्या बाई दोन दिवस रजेवर गेल्या. पर्यवेक्षक ऑफ तासाची वही घेऊन आले, मुख्याध्यापकांनी ती बघितली आणि म्हणाले, "आठवी ड ला राहू द्या. तिथे कुणाला पाठवायची गरज पडत नाही." सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्या हातात चहाचा कप होता, तो मी तसाच खाली ठेवला.

त्या दिवसापासून माझं पोट दुखायला लागलं ते थांबेना. बाई शाळा सुटल्यावर स्टॉपवर जायच्या तर ड ची चार-सहा मुलं सोबत. मुलांनी माझ्यासाठी कधी स्टॉपपर्यंत वाट वाकडी केली नव्हती. मी दिसले की ती रस्ता बदलायची, आणि मला त्याचा अभिमान होता! मग एक पालक आले. मुलगा आठवी अ मध्ये. म्हणाले, याला ड मध्ये घाला, तिथल्या बाई गणित छान घेतात असं ऐकतो. अ मधून ड मध्ये घाला म्हणणारा पालक मी तोवर पाहिला नव्हता. मुख्याध्यापक हसले. मला मात्र रात्रीचं जेवण गेलं नाही.

काहीतरी युक्ती असणार, अशी माझी खात्री होती. ती शोधायची म्हणून पुढच्या वेळी बाई रजेवर गेल्या तेव्हा मी आपणहून ऑफ तास मागून घेतला. पर्यवेक्षक माझ्याकडे बघतच राहिले.

जिन्याखाली गेले. वर्ग अगदी गप्प नव्हता. कुजबुज होती. काही मुलं आपली जागा सोडून दुसऱ्याच्या बाकावर बसली होती, डोकी एकत्र. आणि फळ्याच्या कोपऱ्यात नावं होती. एकाखाली एक, सात.

मला केवढा आनंद झाला. म्हणजे यांच्याकडेही तेच! बोलणारी मुलं, मॉनिटर, कोपऱ्यात नावं. नवीन काही नव्हतंच. मुख्याध्यापकांचे कानच अधू म्हणायचे.

मी टेबलावरची फूटपट्टी उचलली आणि वरून एकेक नाव मोठ्याने वाचलं. सातही जण पुढे आले. मला वाटलं तसे गोंधळले नाहीत, पण एकमेकांकडे बघत होते. पहिल्याने हात पुढे केला. दुसऱ्याने केला. दोन दोन पट्ट्या. पाच झाले. सहावी एक किरकोळ मुलगी होती, तेल लावलेल्या घट्ट वेण्यांची. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "बाई, आम्ही बोलत नव्हतो. आम्हाला गणित अडलं होतं. ज्याला अडतं तो नाव लिहितो. मग ज्याला येतं तो शेजारी येऊन सांगतो. सुटलं की आपलं नाव आपण पुसायचं."

मी ऐकलं. मला कळलंही. फळ्यावरच्या सात नावांच्या वर पुसलेल्या नावांचे पांढरे डाग होते, तेही तेव्हाच दिसले. युक्ती शोधायला आले होते ती समोर उभी होती, हात पुढे करून.

आणि मी तिला दोन पट्ट्या मारल्या. मग सातव्यालाही. थांबले असते तर चाळीस मुलांसमोर मी चुकले असं झालं असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे घोटीच्या बाई बरोबर आहेत असं झालं असतं. पाच जणांना मी न कळून मारलं, दोघांना कळून. ती नावं पुसायचंही मला सुचलं नाही. घंटा झाली तशी मी निघाले.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर आल्या. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या. मी भांडणाची तयारी करूनच बसले होते. त्या म्हणाल्या, "ताई, एवढं करा. एकदा वर्गावर या आणि पोरांना म्हना, चुकून झालं. बाकी काय नको. पोरं लय भ्यालीत. फळ्यावर नाव लिवायला कोनी उठत नाय."

"शिक्षकाने मुलांपुढे चूक कबूल करायची?" मी म्हटलं. "उद्या डोक्यावर बसतील."

"बसत न्हाईत ओ. तेवढं या."

"बघू," मी म्हटलं.

गेले नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असंही नाही. मी ठरवून गेले नाही.

आठवी ड च्या फळ्याचा कोपरा रिकामा राहिला. बाईंनी पुष्कळ सांगून पाहिलं असणार. पण अडलं म्हणून नाव लिहिलं की मार बसतो, हे सात जणांच्या हातांनी आणि बाकीच्यांच्या डोळ्यांनी शिकलेलं होतं. ज्याला अडलं तो गप्प अडून राहिला. मग कंटाळला, मग शेजारच्याला कोपराने ढोसायला लागला. पंधरा-वीस दिवसांत बाई बाहेर गेल्या की आठवी ड चा गोंगाट थेट ऑफिसात पोचायला लागला. पुढे कुठल्याशा मुलाने आपणहून खडू घेतला आणि कोपऱ्यात नावं लिहायला सुरुवात केली. बोलणाऱ्यांची.

मला बरं वाटत होतं. लाज वाटत होती असं आता लिहायला आवडलं असतं, पण तेव्हा बरंच वाटत होतं. रोज कान देऊन ऐकायचे.

मार्चमध्ये मुख्याध्यापकांनी मला ऑफिसात बोलावलं. ज्येष्ठ शिक्षक म्हणून माझं मत त्यांना हवं होतं. "सुरुवातीला बरा वाटला हो त्यांचा वर्ग. हल्ली काय झालंय? कायम करावं का त्यांना?"

काय झालंय ते मला माहीत होतं. बाईंनी माझं नाव घेतलं नव्हतं, तेव्हा ते सांगू शकणारी शाळेत मी एकटीच होते.

"तुम्ही ऐकताच आहात सर," मी म्हटलं. "वर्ग हाताळता येत नाही त्यांना."

शेवटच्या दिवशी बाईंनी कपाट रिकामं केलं. खडूचे उरलेले तुकडे एका पुडीत बांधून माझ्या टेबलावर ठेवले, वाया जायला नकोत म्हणून. "येते, ताई," म्हणाल्या. मी परीक्षेचे पेपर तपासत होते. मान वर न करता "या" म्हटलं.

पुढे मी पर्यवेक्षक झाले, मग मुख्याध्यापिका. तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं. मीही हात मागे बांधून व्हरांड्यातून फिरायला लागले. पहिल्याच उन्हाळ्यात सगळ्या वर्गांचे फळे रंगवून घेतले. डाव्या कोपऱ्यात पट आणि हजर, उजव्या कोपऱ्यात पिवळ्या ऑइलपेंटने चौकट आणि वर अक्षरं, 'बोलणाऱ्यांची नावे'. पाहुणे आले की म्हणायचे, काय शिस्त आहे. मी मान हलवायचे. मी व्हरांड्यात असले की शाळा शांत असायची, आणि मी मीटिंगला गेले की काय होतं ते शिपाईमामांच्या जागी आलेल्या नव्या शिपायाने मला कधी सांगितलं नाही. माझं त्याच्यावर तेवढं वजन होतं.

एका वर्षी शाळा तपासणीच्या पथकात माझं नाव लागलं. घोटीच्या पुढची एक लहानशी शाळा वाट्याला आली. भाताच्या खाचरांना लागून चार खोल्या. बोलता बोलता शिक्षक म्हणाले, आमच्या मोठ्या बाई आत्ता येतील, पूर्वी नाशिकला होत्या. मला तिथेच कळायला हवं होतं. कळलं नाही.

सहावीच्या वर्गात शिक्षक नव्हते. मी मागे जाऊन बसले. आत कुजबुज होती, डोकी एकत्र होती. फळ्याच्या कोपऱ्यात चार नावं होती. एक मुलगा उठला, आपलं नाव हाताने पुसून चड्डीला हात पुसत जागेवर बसला. तीन राहिली. माझ्या पोटात तीच जुनी कळ आली. इतक्या वर्षांनी, तितकीच.

एक मुलगी खडू घेऊन माझ्यापाशी आली. "बाई, तुमचं काय अडलंय का? नाव लिवू?"

"माझं?"

"पाव्हन्यांचंपन लिवतो आमी. मागं साहेब आलं व्हतं, त्यांचं लिवलं व्हतं. त्यांना मोबाईल लावता येत नव्हता."

मी हसले. मग हसू थांबलं. "लिही," मी म्हटलं आणि नाव सांगितलं. तिने ते तीन नावांखाली लिहिलं.

तेवढ्यात घोटीच्या बाई दारात आल्या. केस पिकलेले, चष्मा. "ताई!" म्हणाल्या आणि खऱ्याच खूश झाल्या. मग त्यांचं लक्ष फळ्याकडे गेलं. कुणाची थट्टा करावी तसं नाही, मुलांना विचारावं तसं त्यांनी विचारलं, "काय अडलंय, ताई?"

"उभं राहून सांगायचं असतं," मुलगी माझ्या कानाशी म्हणाली.

मी उभी राहिले. "मी एकदा एका वर्गात सात मुलांना मारलं," मी म्हटलं. "त्यांची काही चूक नव्हती. मारतानाच मला ते कळलं होतं. त्यांना तसं सांगायला या म्हणून या बाई मला बोलवायला आल्या होत्या, मी गेले नाही. नंतर यांची नोकरी गेली तेव्हाही मी गप्प बसले. आता त्या मुलांना गाठायचं तर कसं, ते अडलंय. फळ्यावरून वाचली होती मी, पण मला त्यांची नावंही आठवत नाहीत."

बाई दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या होत्या. आणि मग त्यांनी एकेक करत सातही नावं सांगितली, आणि ऐकताना मला आठवलं, फळ्यावर होती त्याच क्रमाने. एकाचं नाशिकला गॅरेज. एक सैन्यात. सहावी ती मुलगी, ती नांदगावला शाळेत शिकवते, गणितच. दिवाळीला पत्र येतं.

खरं सांगते, डोळे भरून आले होते तरी त्या क्षणी मला त्यांचा हेवाच वाटला. माझ्या हाताखालून किती वर्ग गेले, त्यातल्या कुणाचं मला असं सांगता आलं असतं?

मुलीने डस्टर माझ्यापुढे धरलं. "सुटलं असंल तर नाव पुसा, बाई."

"राहू दे अजून," मी म्हटलं, आणि घोटीच्या बाईंकडे त्या सहाव्या मुलीचा पत्ता मागितला.